व्यसन की व्यासंग?

संस्कृत भाषेत व्यसन आणि व्यासंग असे दोन शब्द आहेत, व मराठीने ते दोन्ही जसेच्या तसे उचलले आहेत. पहिल्याचा धातू 'अस्', म्हणजे फेकणे. दुसऱ्याचा 'सञ्ज्', म्हणजे चिकटणे. ज्याच्या पायी मनुष्य आपला वेळ, पैसा आणि शेवटी स्वतःलाही उधळून टाकतो ते व्यसन; व ज्याला तो चिकटून राहतो आणि जे अखेरीस त्यालाही चिकटून राहते तो व्यासंग. पस्तीस वर्षे हा भेद आम्ही फळ्यावर लिहून दाखविला. मुले तो वहीत उतरवून घेत, परीक्षेत तसाच्या तसा लिहीत, व आम्ही त्यांस पुरे गुण देत असू. परंतु तोच भेद स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातवाच्या बाबतीत करण्याची पाळी आली, तेव्हा आमची विद्या आमच्या फारशी उपयोगी पडली नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमचे कुटुंब एकत्र आहे. बंधू, वहिनी, मुले, सुना, नातवंडे अशी बारा माणसे एका स्वयंपाकावर जेवतात. थोरल्या चिरंजिवांचा मुलगा यंदा बारावी उत्तीर्ण झाला. त्याने इंजिनियर व्हावे ही त्याच्या वडिलांची इच्छा, आणि गुण पाहता ती अवाजवीही नव्हती. परंतु मध्यरात्र उलटून गेली तरी या मुलाच्या खोलीतील दिवा मालवत नसे, व दाराशी जावे तो आत व्हिडिओ गेमची लढाई चाललेली. एके रात्री जेवणे झाल्यावर त्याने सर्वांसमक्ष सांगितले, "मला इंजिनियर व्हायचे नाही. मला अ‍ॅनिमेशन करायचे आहे." त्याच्या वडिलांचा स्वर चढला. तेव्हा तो आमच्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, तुम्ही माँटी ओम या माणसाची माहिती आधी वाचा, मग काय तो निकाल द्या."

निकाल देण्यापूर्वी दोन्ही पक्षांचे ऐकून घ्यावे ही शिक्षकाची जुनी खोड. म्हणून नातवाला शेजारी बसवून आम्ही पंधरा दिवस या मनुष्याचे चरित्र व त्याचे काम समजावून घेतले. जे कळले ते येथे सादर करीत आहोत. कारण असा दिवा आज आमच्याच घरात उशिरापर्यंत जळतो असे नव्हे.

माँटी ओम याचा जन्म 22 जून 1981 रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याच्या प्रॉव्हिडन्स नावाच्या राजधानीत झाला. घराणे मूळचे कंबोडियाचे. कंबोडिया म्हणजे जुना कंबुज देश. तेथील अंगकोर वाट मंदिराच्या ओवऱ्यांत लंकेचे व कुरुक्षेत्राचे युद्ध बाराव्या शतकात दगडात कोरलेले आहे. हत्ती, रथ, धनुर्धर यांची गर्दी भिंतभर पुढे सरकत असल्याचा भास व्हावा असे. त्या देशाच्या रक्ताच्या मुलाने पुढे आयुष्यभर युद्धेच चितारावी, याला योगायोगापलीकडे अर्थ देण्याचे कारण नाही. पण आम्हांस त्याचे कौतुक वाटल्यावाचून राहिले नाही.

शाळेशी त्याचे जमले नाही. माध्यमिक शिक्षण पुरे होण्यापूर्वीच त्याने शाळा सोडली. हे वाक्य वाचताच आमच्या चिरंजिवांनी "पाहा!" असे उद्गार काढले, आणि नातवाने मान खाली घातली. अ‍ॅनिमेशनचे शिक्षण त्याला कोणत्याही विद्यालयाने दिले नाही. संगणक, त्यावर खेळलेले खेळ, आणि खेळातील माणसे अशी का हालतात हे जाणून घेण्याची अनावर जिज्ञासा, हेच त्याचे गुरुकुल. एकलव्याला निदान द्रोणाचार्यांचा मातीचा पुतळा तरी होता.

येथे या कलेचे मर्म थोडे सांगितले पाहिजे. नाही तर पुढील गोष्ट वाचकांच्या ध्यानी येणार नाही. चित्र हालते असे आपण म्हणतो, परंतु चित्र कधीच हालत नाही. किंचित फरक असलेली स्थिर चित्रे एकामागून एक डोळ्यांपुढून वेगाने नेली की डोळा फसतो. चित्रपटात एका सेकंदात अशी 24 चित्रे जातात. म्हणजे एका मिनिटास 1,440. पूर्वी ही सर्व हाताने काढावी लागत. संगणकात कळसूत्री बाहुलीप्रमाणे हाडांचा सांगाडा असलेले पात्र तयार करतात, महत्त्वाच्या क्षणीची त्याची ठेवण कलावंत ठरवितो, आणि दोन ठेवणींमधील चित्रे यंत्र भरून काढते. मग कलावंताला उरले काय, असे आम्ही नातवाला विचारले. तो म्हणाला, "आजोबा, वजन उरले."

त्याचे म्हणणे असे. यंत्राने भरलेली हालचाल एकसारख्या वेगाची असते, म्हणून ती निर्जीव दिसते. खरा मनुष्य उडी मारण्यापूर्वी गुडघ्यांत दबतो; तलवार फिरविण्यापूर्वी ती मागे नेतो; पाय भुईला टेकल्यावर त्याचा देह क्षणभर तसाच पुढे जातो. हे दबणे किती वेळ, झेपावणे किती वेळ व सावरणे किती वेळ, याचा हिशेब एका सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शापर्यंत करावा लागतो. तो चुकला की पडद्यावरचा पैलवान कापसाचा वाटतो.

आता द्वंद्वाचे जे व्हिडिओ गेम असतात, त्यांपैकी पुष्कळांत सेकंदाला 60 चित्रे असतात, व मुरलेला खेळाडू त्यांचा हिशेब ठेवून खेळतो. प्रतिपक्ष्याचा वार किती चित्रांत लागेल, तो फसला तर सावरण्यास त्याला किती चित्रे लागतील, आणि तेवढ्या फटीत आपला वार बसेल की नाही, हे त्याच्या बोटांना कळलेले असते. म्हणजे जे प्रमाण चित्रशाळेत शिकवावे लागते, ते या मुलाच्या अंगी खेळता खेळता भिनत होते. बाहेरून पाहणाऱ्यास तो बटणे दाबीत बसलेला दिसे. आत मात्र मात्रांची मोजणी चाललेली असे. अर्थात खेळणाऱ्या सर्वांचेच असे होत नाही. बहुतेकांची बोटे शिकतात आणि तेथेच थांबतात. बोटांना कळलेले डोळ्यांसमोर मांडून पाहण्याची त्याला तहान लागली, हा त्याचा विशेष.

2007 साली त्याने 'हेलॉइड' नावाची छोटी चित्रफीत एकट्याने तयार करून इंटरनेटवर प्रसिद्ध केली. 'हेलो' या खेळातील चिलखतधारी सैनिक आणि 'मेट्रॉइड' या दुसऱ्याच खेळातील सामस नावाची वीरांगना यांची तीत गाठ घालून दिली होती. हे दोन खेळ दोन निरनिराळ्या कंपन्यांचे. त्यांतील पात्रे एकमेकांसमोर येणे एरवी असंभवनीय. आपल्याकडील मुले 'भीम आणि हनुमान लढले तर कोण जिंकेल' असा वाद घालतात, त्याच जातीची ही कल्पना. परंतु वाद घालून न थांबता त्याने ती लढाई दाखविली, आणि अशा वेगाने व अशा डौलाने दाखविली की लाखो लोकांनी ती पाहिली. त्याच वर्षी त्याने 'डेड फँटसी' ही मालिका आरंभिली. तीतही निरनिराळ्या खेळांतील नायिका एकमेकींशी झुंजतात. त्याला नृत्याची आवड होती, व ती या लढायांत स्पष्ट दिसते. वार चुकविण्यासाठी वळलेला देह त्याच वळणाने पुढचा वार करतो. ताल कोठे तुटत नाही.

या चित्रफितींनी त्याला प्रमाणपत्राचे काम दिले. नाम्को बंदाई या खेळ तयार करणाऱ्या जपानी कंपनीच्या 'आफ्रो सामुराई' या 2009 साली बाहेर आलेल्या खेळावर त्याने काम केले. ज्याने खेळ खेळण्यात बालपण घालविले, तो आता इतरांनी खेळावयाचे खेळ घडवू लागला. इतकेच झाले असते तरी आम्ही त्यास एक हुशार व भाग्यवान कारागीर म्हटले असते. परंतु कथेचा उत्तरार्ध अजून पुढेच आहे.

टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरी 'रूस्टर टीथ' नावाची मित्रमंडळींची एक संस्था 2003 साली निघाली होती. तिची पहिली कृती 'रेड व्हर्सेस ब्लू' ही विनोदी मालिका. ती करण्याची रीत मोठी गमतीची. चित्रे काढण्याऐवजी ही मंडळी 'हेलो' हा खेळ सुरू करीत, त्यातील सैनिकांना बटणांच्या साहाय्याने कळसूत्री बाहुल्यांसारखे इकडून तिकडे नाचवीत, ते दृश्य टिपून घेत व वर आपले आवाज भरीत. सैनिकांचे ओठ दिसत नसल्याने बोलणारा कोण ते मान हालवून दाखवावे लागे. लोक हसत, परंतु बाहुल्या त्या बाहुल्याच. 2010 साली या मालिकेच्या आठव्या पर्वात माँटी ओम आला. त्याने त्याच सैनिकांना आपल्या हातांनी हालविले, आणि सात पर्वे नुसती मान डोलविणारे ते बुजगावण्यासारखे वीर एकाएकी धावू, उडू, पडू व झुंजू लागले. ज्या पात्रांना लोक हसत होते त्यांच्याविषयी लोकांना आता काळजी वाटू लागली. पुढील दोन पर्वांतील लढायाही त्यानेच रचिल्या.

तोपर्यंतची त्याची पात्रे मात्र परक्याची होती. याबद्दल आम्ही त्याला दोष देत नाही. आमच्या पाठशाळेत आधी रूपावली पाठ, मग अमरकोश, मग काव्यांचे अन्वय, आणि मग ज्याच्या ठायी धमक असेल त्याने स्वतःचा श्लोक करावा, असा क्रम होता. परंतु जो जन्मभर अन्वयच करीत राहिला तो पंडित होईल, कवी होणार नाही. ही पायरी माँटीने ओलांडली. नोव्हेंबर 2012 मध्ये त्याने स्वतःच्या पात्रांची पहिली झलक प्रसिद्ध केली. बर्फाळ रान, मागे प्रचंड चंद्र, तांबडा अंगरखा घातलेली एक मुलगी, आणि तिच्या हातात तिच्याहून उंच असा विळा, जो क्षणात बंदूकही होतो. तिच्याभोवती लांडग्यांसारखे राक्षस जमतात, आणि पुढे जे होते ते लढाई म्हणावे की नृत्य, हे आम्हांस दोनदा पाहूनही ठरविता आले नाही.

या मालिकेचे नाव इंग्रजीत आर, डब्ल्यू, बी, वाय अशा चार अक्षरांनी लिहितात व 'रूबी' असे उच्चारतात. रेड, व्हाइट, ब्लॅक, यलो, म्हणजे तांबडा, पांढरा, काळा व पिवळा, यांची ती आद्याक्षरे होत; आणि रूबी, वाइस, ब्लेक व यांग या चार नायिकांची आद्याक्षरेही तीच. जुलै 2013 मध्ये तिचा पहिला भाग लोकांपुढे आला. लेखनात त्याला माइल्स लूना व केरी शॉक्रॉस हे दोन सहकारी होते. संगीत जेफ विल्यम्स यांचे. साधन म्हणून वापरला तो 'पोझर' नावाचा, धंदेवाईकांपेक्षा हौशी लोकांत रूढ असलेला संगणकीय कार्यक्रम. मोठ्या चित्रशाळांचे महागडे साधन जवळ नाही म्हणून तो अडून बसला नाही. जी ओबडधोबड पट्टी हाती होती तिनेच त्याने सरळ रेघ ओढली.

त्याच्या कामाच्या सवयीविषयी त्याचे सहकारी सांगतात ते ऐकून आमच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडल्या. तो रात्रीमागून रात्री काम करी, झोप आली की कचेरीतच आडवा होई, व उठून पुन्हा कामास लागे. दिवस चोवीस तासांचा असतो हा निसर्गाचा नियम आपणास लागू नाही असे जणू त्याने ठरवून टाकले होते. आमच्या वहिनी इतका वेळ निमूट ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, पण त्याला वेळेवर जेवायला हाक मारणारे कोणी होते की नाही?" या प्रश्नावर आमच्यापैकी कोणाजवळच उत्तर नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर सर्व चर्चेत इतका मुद्द्याचा प्रश्न दुसरा कोणी विचारला नाही.

कारण पुढची हकीकत दुःखाची आहे. जानेवारी 2015 मध्ये एका साध्या वैद्यकीय उपचाराच्या वेळी औषधाची तीव्र प्रतिक्रिया होऊन तो बेशुद्ध झाला. सुमारे दहा दिवस रुग्णालयात तशाच अवस्थेत काढून 1 फेब्रुवारी 2015 रोजी त्याने देह ठेवला. वय अवघे तेहतीस. त्याच्या जागरणांशी या मृत्यूचा संबंध जोडून मुलांना भीती घालण्याचा मोह आम्हां वडीलमंडळींस होईल. आमच्या चिरंजिवांस तो झालाही. परंतु तसे करणे असत्य होईल. तो मृत्यू एक दुर्दैवी अपघात होता. जागरणाविरुद्ध बोलण्यास दुसरी खरी कारणे पुष्कळ आहेत. त्यासाठी एका मृत माणसास साक्षीला ओढण्याची गरज नाही.

तो आजारी असता त्याच्या कुटुंबासाठी जी वर्गणी मागण्यात आली तीत लोकांनी दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमा केली. देणारे बहुधा त्याला कधी प्रत्यक्ष न भेटलेले, पडद्यावरच ओळखणारे तरुण. तो गेल्यावर त्याच्या संस्थेने या सर्वांना विनंती केली, की फुले वा भेटी पाठवू नका. त्याऐवजी आपल्या कल्पनेने काही नवे निर्माण करा व जग थोडे चांगले करा. आम्ही अनेक शोकसभांस गेलो आहोत, काहींत भाषणेही केली आहेत. परंतु याहून योग्य श्रद्धांजली सुचविलेली आम्हांस आठवत नाही.

आणखी एक गोष्ट एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. 'रूबी' मालिकेत रेन नावाचा एक अबोल तरुण आहे. त्याचा आवाज माँटी ओम स्वतः देत असे. त्याच्या पश्चात ऑक्टोबर 2015 मध्ये तिसरे पर्व सुरू झाले, आणि त्या तरुणाच्या मुखातून माँटीच्या सख्ख्या भावाचा आवाज आला. भावाने अर्धवट राहिलेला शब्द उचलून धरावा, याला आपल्याकडे काय म्हणतात ते आम्ही सांगावयास नको.

मालिका थांबली नाही. त्याच्या हयातीत दोन पर्वे झाली होती; 2023 साली नववे झाले. 2016 च्या चौथ्या पर्वापासून 'पोझर' सोडून 'माया' नावाचे मोठे साधन वापरात आले. ते नाव आपल्याच 'माया' शब्दावरून ठेविलेले आहे, हे कळल्यावर आम्हांस थोडी गंमत वाटली. जपानच्या चित्रमालिकांचा त्याच्या मनावर मोठा पगडा होता. त्या जपानात 2015 साली त्याची मालिका जपानी भाषेत गेली, आणि 2022 साली तेथील शाफ्ट या चित्रशाळेने तिच्या आधारे स्वतंत्र मालिका काढिली. शिष्याचे पुस्तक गुरुगृही पाठ्यपुस्तक व्हावे तसे हे झाले. 2024 साली रूस्टर टीथ ही संस्था तिच्या मालकांनी बंद केली, परंतु 'रूबी'चे हक्क त्याच वर्षी व्हिझ मीडिया या प्रकाशनसंस्थेने घेतले. घर मोडले तरी तुळस दुसऱ्या अंगणात लागली.

मनुष्याचा निश्चय अजिंक्य आहे. मोठी स्वप्ने आपल्या हयातीत पुरी होतीलच असे नाही, परंतु केलेला यत्न आपल्यापलीकडे पोहोचतो व मृत्यूनेही तो व्यर्थ होत नाही, अशा आशयाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. शाळा अर्धी सोडलेल्या, दिवसरात्र खेळात रमलेल्या त्या मुलाला हे कोठून सुचले असावे, याचा आम्ही पुष्कळ विचार केला.

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, ही अमेरिकेतील थेरे आपल्या घरांत कशास? त्यांस आम्ही एवढेच स्मरण देतो, की चित्र एकेक करून टिपण्याच्या या विद्येचा पहिला नाद आपल्याकडे ज्यास लागला तो नाशिकनजीक त्र्यंबकेश्वरच्या एका दशग्रंथी घरचा मुलगा होता. दादासाहेब फाळके यांनी 1912 च्या सुमारास कुंडीतील वाटाण्याचा अंकुर थोड्या थोड्या अवकाशाने टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखविली, व पुढे आगकाड्यांनाही नाचविले. या नादात त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्या वेळी व्यसन म्हटले असेल की व्यासंग, याची कल्पना करणे अवघड नाही.

असो. आता आमच्याविषयी. सुमारे तीस वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात 'देव' शब्द चालविणे चालू असता शेवटच्या बाकावरील एक विद्यार्थी वहीच्या कोपऱ्यांत काही रेखाटीत असलेला आम्ही पाहिला. वही हिसकावून घेतली, दोन शब्द सुनावले, आणि ती कपाटात टाकून दिली. तो परत मागण्यास आला नाही. आम्हीही दिली नाही. निवृत्तीच्या वेळी कपाट आवरताना ती वही हाती आली. पाने भराभर उलटली तेव्हा कोपऱ्यातला काडीएवढा मनुष्य धावू लागला. भिंत जवळ येताच तो गुडघ्यांत दबला, मग झेपावला. शेवटच्या चित्रात तो भिंतीच्या वर अधांतरी आहे. कारण त्याच पानावर आम्ही वही ओढून घेतली होती. त्या दिवशी आम्ही केवळ हसलो व वही ठेवून दिली. परवा नातवाने 'वजन' शब्द उच्चारला, तेव्हा आम्ही उठून ती पुन्हा काढिली. उडी मारण्यापूर्वी मनुष्य दबतो, हे त्या तेरा वर्षांच्या मुलास कोणी शिकविले नव्हते. आम्ही तर खासच नव्हे.

त्या रात्री घरात जे ठरले ते असे. माँटी ओमने शाळा सोडली हे त्याच्या यशाचे कारण नव्हे. शाळा सोडणारे हजारो असतात. त्यांपैकी फारच थोड्यांच्या हाती काही तयार झालेले असते. म्हणून नातवाने पदवीचे शिक्षण पुरे करावे. कोणत्या विषयाचे, ते त्याने ठरवावे. दुसरे, दर महिन्यास त्याने स्वतः केलेले काही तरी, दहा सेकंदांचे का होईना, पण पुरे झालेले, सर्वांसमोर दाखवावे. तिसरे, वर्षाच्या आत परक्याची पात्रे सोडून स्वतःचे एक तरी पात्र उभे करावे. चौथी अट वहिनींची: रात्री साडेअकरास दिवा बंद. तिच्यावर त्याने पुष्कळ हुज्जत घातली, व ती एकटीच अट आजवर अधूनमधून मोडली जाते. त्याच्या वडिलांनी संमती दिली असे म्हणता येत नाही. परंतु त्यांनी इंजिनियरिंगचा अर्ज टेबलाच्या खणात ठेवून दिला आहे.

पहिल्या महिन्यास त्याने एक उसळणारा चेंडू दाखविला. हा या विद्येचा श्रीगणेशा होय असे कळले. दुसऱ्या महिन्यास आमचा माजघरातला झोपाळा व त्यावरून उतरणारा एक म्हातारा दाखविला. सर्वांनी वाहवा केली. मुलगा मात्र म्हणाला, "नाही, हे चुकले. आजोबा उतरताना आधी कडी धरतात, मग डावा पाय टेकतात." आणि तो ते सर्व पुसून पुन्हा करावयास बसला. कडी आम्ही धरतो हे आम्हांसच ठाऊक नव्हते.

व्यसन व व्यासंग यांतील भेद आम्ही फळ्यावर लिहीत होतो तितका सोपा नाही, हे आता आम्हांस पटले आहे. बंद दाराबाहेरून तो कळत नाही. दिवा किती वाजेपर्यंत जळतो यावरूनही कळत नाही. आपले केलेले आपणच पुसण्याची मुलाची तयारी आहे की नाही, यावरून थोडाबहुत कळतो. आणि ते पाहण्यासाठी आत जाऊन शेजारी बसावे लागते. हल्ली साडेअकरा वाजले की दिवा मालवावयास सांगण्यासाठी आम्हीच त्याच्या खोलीत जातो. मात्र प्रथम खुर्ची ओढून बसतो, आणि आज काय केलेस ते दाखव म्हणतो.